दोन हातांचं बीपी

छातीतून डाव्या हाताकडे जाणारी सबक्लेव्हियन धमनी उगमापाशीच चिंचोळी झाली किंवा पार बुजली, तरी हात लगेच काळानिळा पडत नाही. तो दुसरीकडून रक्त ओढतो. या धमनीला थोडं पुढे गेल्यावर व्हर्टिब्रल नावाची फांदी फुटते. ती मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून वर चढते, कवटीत उजव्या बाजूच्या आपल्या जोडीदारणीला मिळते आणि मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवते. तोल, नजर आणि शुद्ध या भागाच्या हवाली असतात. उगमाशी अडथळा आला की त्याच्या पुढचा दाब घसरतो. आगरात शिंपण चालू असताना वरचा पाट तुंबला, तर शेजारच्या आळ्यातलं पाणी उतार मिळेल तिकडे मागे सरकतं. तसं उजव्या व्हर्टिब्रलमधून वर चढलेलं रक्त डावीतून उलटं खाली येतं आणि हाताला मिळतं. उलट्या प्रवाहाच्या या स्थितीला ‘सबक्लेव्हियन स्टील’ म्हणतात. तिच्यापायी हात भरून येणं, भोवळ, एकाचं दोन दिसणं किंवा क्षणभर शुद्ध हरपणं अशी लक्षणं उमटली तरच ‘सिंड्रोम’ म्हणायचं. हा भेद पुस्तकी वाटेल, पण या विकाराचं निदान आणि उपचार यांचा सगळा हिशोब त्याच्यावरच बसतो.

या उलट्या प्रवाहाची चाहूल शस्त्रवैद्यांना फार आधी लागली होती. 1864 साली न्यू ऑर्लिन्सच्या अँड्र्यू स्मिथने उजव्या सबक्लेव्हियनच्या फुगवट्यासाठी तिच्याआधीची मोठी धमनी बांधली, तरी रक्तस्राव थांबेना. अखेर व्हर्टिब्रल बांधल्यावर तो थांबला, म्हणजे रक्त वरून खाली येत होतं. पण आधुनिक वर्णनासाठी जवळजवळ शतक जावं लागलं. 1960 मध्ये इटलीच्या कोंतोर्नी यांनी अँजिओग्राफीत हा उलटा प्रवाह दाखवला, 1961 मध्ये राइविच आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याचा मेंदूच्या लक्षणांशी संबंध जोडला, आणि त्यांच्या लेखासोबतच्या संपादकीयाने आजचं नाव रूढ केलं. पुढच्या दशकात शस्त्रक्रियांचा उत्साह दांडगा होता. तर्कही सरळ दिसत होता: मेंदूचं रक्त हात पळवतो आहे, तेव्हा वाट मोकळी करा. आकडे हाती येऊ लागले तसा हा तर्क लंगडा पडला. मेंदूबाहेरच्या धमन्यांच्या अडथळ्यांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या संयुक्त अभ्यासाचा या विषयावरचा अहवाल 1972 मध्ये आला. सहा हजारांवर रुग्णांच्या अँजिओग्राफीत उलटा प्रवाह 168 जणांतच होता, आणि बहुतेकांच्या मेंदूकडे जाणाऱ्या इतर धमन्याही बिघडलेल्या होत्या. 1986 मध्ये बॉर्नस्टाइन आणि नॉरिस यांनी ‘लॅन्सेट’मध्ये उघडच विचारलं की ही निव्वळ निरुपद्रवी घटना तर नाही? 2010 मध्ये लाब्रोपुलोस आणि सहकाऱ्यांनी डॉपलर तपासणीला आलेल्या 7881 जणांची नोंद प्रसिद्ध केली. दोन हातांच्या बीपीत 20 हून अधिक फरक असलेले त्यांत 514 निघाले. लक्षणं होती फक्त 38 जणांना. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं जे कडं असतं, ते धड असेल तर पुढून येणारं रक्त मागची तूट भरून काढतं. त्यामुळे उलटा प्रवाह वर्षानुवर्षं मुकाट चालू राहू शकतो.

इतकं निरुपद्रवी प्रकरण असेल तर केळशीसारख्या गावात त्याची चर्चा कशाला? दापोली तालुक्याच्या उत्तर टोकाला, भारजा नदीच्या मुखाशी वसलेल्या या गावातून उपजिल्हा रुग्णालय गाठायचं तर दापोलीला जावं लागतं, आणि रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकासाठी बहुतेकदा थेट मुंबई. माझं म्हणणं असं की या विकाराचं निदान केळशीत व्हायला हवं आणि व्हायला जमतं. उपचाराचा निर्णय मात्र जितका सावकाश आणि जितक्या थोड्यांसाठी होईल तितका बरा. आज बरेचदा याच्या उलट घडतं. खाली, जिथे पट्टा आणि दोन हात एवढंच लागतं, तिथे कुणी शोधत नाही. वर, जिथे यंत्रं आहेत, तिथे मानेच्या डॉपलरमध्ये उलटा बाण दिसला की थेट स्टेंटची भाषा सुरू होते.

निदानाचा पहिला टप्पा अगदी साधा आहे. माणसाला पाच मिनिटं शांत बसू द्यावं, पाठ टेकलेली आणि हात छातीच्या उंचीवर ठेवलेला असावा. आधी दोन्ही मनगटांची नाडी एकाच वेळी बोटांखाली धरावी. डावी नाडी उजवीपेक्षा मऊ लागते का, किंचित उशिरा येते का, हे सरावलेल्या बोटांना कळतं. (आयुर्वेदातल्या नाडीपरीक्षेत पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा हात धरण्याची परंपरा आहे, या विकारापुरतं बोलायचं तर एका हाताची नाडी म्हणजे अर्धी तपासणी.) मग दोन्ही दंडांचं बीपी घ्यावं, एकामागोमाग एक, आणि फरक 10 च्या पुढे दिसला तर पुन्हा त्याच क्रमाने. पहिल्या हाताचं मोजताना माणूस जरा बिचकलेला असतो आणि दुसऱ्यापर्यंत सैलावतो, एवढ्यानेही काही अंकांचा फरक पडतो. म्हणून एका मोजणीवर निकाल द्यायचा नाही. फरक टिकून राहिला तर स्टेथोस्कोप गळपट्टीच्या हाडाच्या वर ठेवून घरघर ऐकू येते का पाहावं. क्लार्क आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जगभरच्या अभ्यासांचा जो एकत्रित आढावा घेतला, त्यात अँजिओग्राफीने सबक्लेव्हियन निम्म्याहून अधिक अरुंद असल्याचं सिद्ध झालेल्यांमध्ये दोन हातांतला सरासरी फरक जवळजवळ 37 होता. 15 किंवा त्याहून अधिक फरक असलेल्यांना पायांच्या धमन्यांचा आजार असण्याची शक्यता सुमारे अडीचपट निघाली. अँजिओग्राफीशिवाय, रक्त न काढता, आरोग्य केंद्राच्या बाकावर मिळणारी ही माहिती आहे.

डॉपलरची पाळी यानंतर येते. व्हर्टिब्रलमधला प्रवाह एकदम उलटत नाही. आधी प्रत्येक ठोक्याच्या ऐन भरात आलेखाला मध्येच खाच पडते. सोनोग्राफीवाले त्या आकृतीला सशाचं डोकं म्हणतात: दोन कान आणि मधे खोलगट. मग प्रवाह ठोक्यागणिक पुढेमागे हेलकावतो आणि शेवटी पूर्ण उलटतो. खाचेच्या अवस्थेत शंका राहिली तर एक जुनी युक्ती अजून कामाची आहे. दुखऱ्या बाजूच्या दंडावर पट्टा बांधून रक्त अडेल इतका काही मिनिटं फुगवायचा आणि एकदम सोडायचा. उपाशी पडलेला हात रक्त खेचू लागतो, आणि अर्धवट असलेला उलटा प्रवाह पडद्यावर पुरा होतो. धमनी नेमकी कुठे आणि किती बुजली आहे ते पाहायला सीटी अँजिओग्राफी लागते, पण ती उपचार करायचाच ठरला तर. नुसतं नाव पक्कं करण्यासाठी रुग्णाला रंगद्रव्य टोचायची गरज नसते.

पहिला आक्षेप वेळेचा, आणि तो खोटा नाही. ओपीडीत रांग असते. एका हाताचं बीपी घेता घेता पुरेवाट होते, दोन हातांचं कोण घेणार? पण दर वेळी दोन्ही हातांचं घ्या असं कुणीच म्हणत नाही. रक्तदाबाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं पहिल्या भेटीत दोन्ही हात मोजायला सांगतात, आणि त्यापुढे ज्या हाताचं जास्त येईल तोच हात धरायला. माणशी एकदाच करायचं हे काम आहे. शिवाय असांसर्गिक आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं बीपी तपासायचं धोरण आधीच आहे, आणि रक्तदाब नियंत्रणाच्या देशव्यापी उपक्रमात महाराष्ट्रातून सुरुवातीलाच निवडलेल्या जिल्ह्यांत शेजारचा सिंधुदुर्ग होता. म्हणजे यंत्र आहे, माणूस आहे, कार्डही आहे. कार्डावर ‘डावा’ की ‘उजवा’ हे एक अक्षर वाढवायचं. मोजलेला अंक कोकणातल्या छोट्या केंद्रात किती दूर नेता येतो याला शेजारीच पुरावा आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाची लक्षणं आणि रक्तदाबाची चढउतार रुग्णाच्या उशाशी बसून टिपली. त्या नोंदी 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आल्या आणि पुढे प्राझोसिनच्या वापराने त्या दंशाचे मृत्यू झपाट्याने उतरले. बाकावरची मोजणी म्हणजे दुय्यम विज्ञान, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो इतिहास वाचावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बहुतेकांना त्रासच होत नाही आणि त्यांच्यावर शस्त्रक्रियाही करायची नाही, तर शोधून घोर का लावायचा? याचं उत्तर मेंदूत शोधायला जाऊ नये. ते बीपीच्या आकड्यातच आहे. उजव्या हाताने लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर बसलेला माणूस पुष्कळदा डावा हात पुढे करतो, आणि सबक्लेव्हियनचा अडथळा उजवीपेक्षा डावीकडे तिपटी-चौपटीने अधिक आढळतो. अशा माणसाच्या डाव्या हातात 130 दिसतं तेव्हा उजव्यात 170 असू शकतं. मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडं 170 चाच मारा सोसत असतात, आणि कार्डावर मात्र ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं. आधीच गोळ्या चालू असतील तर त्या पुरेशा आहेत असा भ्रम होतो, कधी कमीही केल्या जातात. चुकीच्या हातावर बेतलेला उपचार हे या विकाराचं सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी बोललं गेलेलं नुकसान आहे. दुसरं असं की मोठ्या वयात ही धमनी बुजते ती बहुधा मेदाच्या थराने, आणि तो थर एकाच धमनीत बसून राहत नाही. त्यामुळे लक्षणं नसलेल्या माणसालाही देण्यासारखं बरंच असतं: विडी-सिगारेट कायमची बंद, स्टॅटिन, साखरेवर ताबा, डॉक्टरच्या सल्ल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि योग्य हातावर मोजलेलं बीपी. यातलं जवळपास सगळं गावात होतं. आरोग्य योजनांची पॅकेजं भरती झालेल्या रुग्णाच्या प्रक्रियेवर बेतलेली असतात, हा बिनभरतीचा उपचार त्यांत नजरेत भरत नाही, हे खरं.

आता चक्कर. घेरी आली की ‘मानेची नस दबली’ असं निदान गावातही होतं आणि शहरातही. चकरेची साधी कारणं ढीगभर आहेत: कुशीवर वळताना कानातल्या कणांनी येणारी गरगर, उठताना उतरणारं बीपी, साखर पडणं, रक्त कमी असणं, औषधांचे परिणाम. यांतल्या कुणाचाही डॉपलर केला आणि योगायोगाने उलटा प्रवाह सापडला, तर चकरेचं खापर त्याच्यावर फोडणं सोपं जातं. म्हणून इथे कसोटी कडक हवी. हाताच्या कष्टाशी लक्षणाचा संबंध हवा: रहाटाने पाणी ओढताना, जाळं खेचताना, पाट्यावर वाटताना डावा हात भरून येतो, थांबल्यावर बरा होतो, आणि त्याच वेळी भोवळ किंवा दोन-दोन दिसणं. नुसती चक्कर, तीही पडल्या पडल्या, हा या सिंड्रोमचा पुरावा होत नाही. एक खरं की हे चित्र नेहमी इतकं रेखीव नसतं. काहींना हाताच्या श्रमाशिवायही मेंदूची लक्षणं येतात, विशेषतः मानेतल्या इतर धमन्याही अरुंद असल्या तर. तिथे सगळ्या धमन्यांचा नकाशा काढावा लागतो, आणि बरेचदा खरा दोषी मानेतून मेंदूला रक्त नेणारी कॅरॉटिड धमनी निघते.

सिंड्रोम खरोखर असेल तर उपचार चांगले आहेत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. 1960 च्या दशकात छाती उघडून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांची जागा मानेतून करायच्या बायपासने घेतली: कॅरॉटिडपासून सबक्लेव्हियनपर्यंत कृत्रिम नळी, किंवा सबक्लेव्हियनच कापून कॅरॉटिडला जोडणं. हे काम वर्षानुवर्षं टिकतं, पण त्यासाठी ती कॅरॉटिड धड असायला हवी. नाहीतर एका ठिकाणची उणीव दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवल्यासारखं होतं. 1980 पासून फुग्याने धमनी रुंद करणं आणि पुढे स्टेंट बसवणं आलं, आणि आज अरुंद धमनीसाठी पहिली पसंती त्यालाच असते. पूर्ण बुजलेल्या धमनीत तार पार करणं अवघड जातं. कधी मांडीतून आणि हातातून अशा दोन्ही वाटांनी जावं लागतं. मेंदूकडे गुठळी उडेल या भीतीवर रिंगेलश्टाइन आणि त्सॉयमर यांनी 1984 मध्ये एक सुंदर निरीक्षण नोंदवलं: फुग्याने वाट मोकळी केल्यावर व्हर्टिब्रलमधला उलटा प्रवाह लगेच सुलटा होत नाही, त्याला काही सेकंदांपासून मिनिटांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्या वेळात सुटलेले कण मेंदूऐवजी हाताकडे वाहून जातात. म्हणून या प्रक्रियेत पक्षाघाताचा धोका थोडा आहे, पण शून्य नाही. आणि नुसता फुगा बरा की स्टेंट? कॉक्रेनच्या आढावाकारांनी 2014 मध्ये शोधलं तेव्हा या प्रश्नावर चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली एकही चाचणी त्यांना मिळाली नाही. आपल्याला जे यशाचे टक्के ऐकवले जातात ते बहुतांशी एकेका केंद्राच्या स्वतःच्या नोंदींतले आहेत. लक्षणं नसलेल्या माणसापुढे ते आकडे ठेवताना ही गोष्ट सोबत सांगितलीच पाहिजे.

लक्षणं नसतानाही वाट मोकळी करण्याचा विचार व्हावा अशा दोन जागा आहेत, आणि दोन्ही गावात भेटतात. मुंबईत नोकरी करून, हृदयाची बायपास करून घेऊन परत गावी राहायला आलेली माणसं कोकणात थोडी नाहीत. बायपाससाठी छातीच्या आतली डावी मॅमरी धमनी वापरतात, आणि ती याच सबक्लेव्हियनमधून निघते. वाट बुजली तर हात मेंदूऐवजी हृदयाचं रक्त ओढू लागतो आणि नारळ सोलताना छातीत दुखतं. हे विरळ आहे, पण बायपास झालेल्याच्या डाव्या हाताचं बीपी कमी लागलं तर ती तातडीने कळवायची गोष्ट आहे. आणि बायपासच्या आधी दोन्ही हात न मोजणं याला सबब नाही. दुसरी जागा डायलिसिसची. डाव्या हातात धमनी आणि शीर जोडून फिस्चुला केला की त्या हाताची रक्ताची मागणी कायमची वाढते, आणि आधीचा मुका अडथळा बोलू लागतो. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी 2017 मध्ये या दोन्ही गटांसाठी लक्षणांशिवायही उपचाराचा विचार करायला सांगितलं, ते मला पटतं.

आतापर्यंतचं बरंचसं उतारवयाच्या माणसांबद्दल झालं. महाराष्ट्रात याला दुसरी बाजू आहे, आणि पाश्चात्त्य लेखांच्या आधाराने लिहिणारे ती एका वाक्यात उरकतात. तरुण बाईच्या दंडात बीपी लागत नाही तेव्हा कारण बहुधा मेदाचं नसतं, धमनीच्या भिंतीच्या दाहाचं असतं. जपानचे नेत्रवैद्य ताकायासू यांच्या 1908 च्या लेखावरून त्या आजाराला त्यांचं नाव मिळालं. आपल्याकडे त्याचा पायाभूत अभ्यास मुंबईच्या केईएममध्ये झाला. 1968 मध्ये भारतातलं पहिलं हृदयारोपण करणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन, विकृतिशास्त्रज्ञ डॉ. किणरे आणि डॉ. परुळकर यांच्या चमूने 1963 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मधल्या महाधमनीच्या अरुंदपणावर लिहिलं, आणि 1973 मध्ये 101 रुग्णांवरचा प्रबंधग्रंथ मुंबईतून प्रसिद्ध झाला. त्यातून आणि नंतरच्या कामातून दिसलं ते असं की जपानमध्ये हा आजार महाधमनीच्या कमानीच्या फांद्यांवर अधिक बसतो, तर भारतात पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडांच्या धमन्याही वारंवार धरतो. इथे स्टीलचा उपचार वेगळ्याच क्रमाने होतो. आधी दाह शमवायचा, स्टेरॉइड आणि इतर औषधांनी. ईएसआर-सीआरपी या रक्ततपासण्यांवर आणि चित्रणावर लक्ष ठेवायचं. आणि धगधगत्या धमनीत स्टेंट घालायची घाई करायची नाही, कारण ती पुन्हा आवळते.

हाच आजार ‘बीपी लो’ या शब्दांखाली दडतो. बाई थकलेली, हात जड, मोजलं तर 80 किंवा लागतच नाही; लिंबू-सरबत आणि मीठ वाढवायचा सल्ला मिळतो. मूत्रपिंडाची धमनी आवळलेली असेल तर आतला खरा दाब 200 च्या घरात असू शकतो, आणि मीठ त्यात भरच घालतं. दोन्ही हात फसवत असतील तर मांडीवर रुंद पट्टा बांधून बीपी घ्यावं. निरोगी माणसात ते हातापेक्षा थोडं जास्तच येतं. पोटातली महाधमनीही अरुंद असेल तर मांडीचा आकडासुद्धा खोटा ठरतो, मग डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन आणि हृदयाची सोनोग्राफी यांवरून अंदाज बांधावा लागतो. ही बाई गरोदर असेल तर प्रश्न अधिकच टोकाचा होतो. गरोदरपणातल्या वाढत्या बीपीवर आपल्या आरोग्यसेवेचा भर आहे, तो रास्तही आहे. पण बुजलेल्या हातावर घेतलेलं प्रत्येक बीपी तिला सुरक्षित ठरवत राहतं, आणि उलगडा होतो तो झटका आल्यावर किंवा बाळाची वाढ खुंटल्यावर. म्हणून पहिल्याच नोंदणीला नर्सताईंनी दोन्ही मनगटं धरावीत. एकीकडेही नाडी नीट लागत नसेल तर त्या बाईचं बाळंतपण उपकेंद्रात किंवा तालुक्याला होऊ देऊ नये. सहाव्या-सातव्या महिन्याच्या आतच तिला जिथे हृदयविकारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोन्ही आहेत अशा रुग्णालयात नोंदवावं, आणि सोबतच्या कागदावर बीपी कोणत्या हाताचं किंवा पायाचं धरायचं ते ठळक लिहून द्यावं.